मामा, तो डबा भंगारात देऊ नका

या वेळचं पत्र परभणीहून आलं आहे. मूळ पत्र बरंच मोठं होतं, जागेसाठी थोडं आटोपतं घेतलं आहे.

"नमस्कार. मी सरकारी ऑफिसात ३१ वर्षं ड्रायव्हर होतो. दोन वर्षांखाली रिटायर झालो. ऑफिसात साहेबापासून शिपायापर्यंत सगळे मला मामा म्हणायचे. त्यातली १७ वर्षं एकच गाडी होती माझ्याकडं, पांढरी अ‍ॅम्बॅसडर, ८८ चं मॉडेल. सकाळी सहाला धुवायचो, मागच्या सीटवर धुतलेला टॉवेल टाकायचो. पुढं तिचा लिलाव झाला आणि भंगारवाल्यानं माझ्यासमोर दारं कापली.

गेल्या दिवाळीत पुण्याच्या पोरानं सुटे भाग जोडून करायच्या प्लास्टिकच्या गाडीचं किट आणून दिलं, १:२४ लिहिलेलं. हौसेनं बसलो. एका थेंबात चिकटणाऱ्या गोंदानं काच लावली तर ती पांढरी पडली. हार्डवेअरमधून स्प्रे आणून मारला तर टेप काढताना टेपसंगं रंगच निघाला. थिनरनं पुसायला गेलो तर दार चिकट झालं, माझ्या बोटांचे ठसे उमटले त्याच्यावर. सूनबाई वासानं वैतागली, घरात दोन वर्षांचा नातू आहे. मंडळी म्हणते, शेताकडं जावा, कीर्तनाला जावा, लेकरांची खेळणी काय घेऊन बसलात. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, हातही थोडा हलतो. या वयात हे जमण्यासारखं आहे का, का देऊन टाकू सगळं? खरं सांगू का, मला माझी अ‍ॅम्बॅसडर करायची होती."

मामा,

तुमच्या मूळ पत्रात दीड पान अ‍ॅम्बॅसडरवर आहे आणि किटवर आठ ओळी. म्हणून शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. तुमची अ‍ॅम्बॅसडर होईल. येत्या दिवाळीला नाही होणार, कदाचित त्याच्या पुढच्याही नाही, पण होईल. किट, रंग, पकडी हे सगळं विकत मिळतं. १७ वर्षं रोज सकाळी फडकं फिरवून बॉनेटचा उतार हाताला पाठ होतो, ते कुठल्या दुकानात मिळत नाही. मी वीस वर्षांपासून मॉडेल करतोय आणि अजूनही फोटो बघबघून उताराचा अंदाज बांधतो. तुम्हाला डोळे मिटले की दिसेल.

आता बिघाड बघू. एक आधीच सांगतो, यातली एकही चूक वयाची नाही. काच पांढरी करणं, रंग सोलला जाणं, थिनरनं प्लास्टिक खराब करणं, हे तिन्ही मी तिशीत केलंय, धडधाकट डोळ्यांनी.

काचेचं असं आहे की तो झटपट गोंद वाळताना त्याची वाफ निघते आणि आसपास बसते. काचेवर दिसतो तो पांढरा थर तिचाच. काच आतून गेलेली नाही. २००० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे ओला वापरायचा पॉलिश पेपर, पाण्यात भिजवून अगदी हलक्या हातानं फिरवा, मग मऊ सुती कापडावर रबिंग कंपाउंड घेऊन घासा. प्लास्टिकचे पिवळे पडलेले हेडलाइट गॅरेजवाले असेच उजळतात, तुम्ही पाहिलं असेल. इथून पुढं काचेला साधा पांढरा फेव्हिकॉल लावायचा, टाचणीच्या टोकावर येईल तेवढाच. वाळला की आरपार दिसतो, आणि जास्त लागला तर ओल्या बोळ्यानं पुसून काढता येतो.

दाराचं कारण वेगळं. किटचं प्लास्टिक पॉलिस्टायरीन असतं. हार्डवेअरमधलं एनसी थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं पाणी यांत ते विरघळतं. दार चिकट झालं म्हणजे वरचा पापुद्रा पातळ झाला. त्याला आता आठवडाभर बोट लावू नका. पूर्ण कडक झालं की ४०० चा पेपर, मग ६०० चा, मग १००० चा. ठसे निघतील. खोल खड्डा राहिला तर लांबी, म्हणजे पुटी, भरायची, तुमच्या ओळखीचंच काम आहे.

विरघळायचा हाच गुण जोडकामात उपयोगी पडतो. मॉडेलचं म्हणून जे पातळ सिमेंट मिळतं, बाटलीच्या झाकणालाच ब्रश असतो ते, ते चिकटवत नाही. दोन्ही कडा विरघळवून एकमेकींत मुरवतं. म्हणजे ते वेल्डिंग आहे. दोन भाग कोरडेच जुळवून धरायचे, फटीवर ब्रशचं टोक टेकवायचं, सिमेंट आपोआप फटीत पळतं. मग दिवसभर हलवायचं नाही. सारखं हलवून "धरलं का" बघितलं तर कधीच धरत नाही.

रंग निघाला, कारण किटच्या भागांवर साच्यातून सुटावेत म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश राहतो, त्यात आपल्या बोटांचं तेल. ऑफिसची गाडी रंगवायला द्यायचात तेव्हा पेंटर पहिल्या दिवशी रंगाचा डबा उघडायचा का? धुणं, घासणं, लांबी, परत घासणं, प्रायमर, आणि मग रंग. इथंही तोच क्रम आहे. भांड्याच्या साबणानं धुवून सावलीत वाळवायचं आणि त्यानंतर उघड्या बोटांनी धरायचं नाही.

मारलेला रंग उतरवायचा असेल तर तुमच्याच धंद्यातली वस्तू आहे: ब्रेक ऑइल. बॉनेटवर सांडलं की रंग कसा उठतो ते तुम्ही जाणता. रंग बहुतेक सुटतो आणि पॉलिस्टायरीन शाबूत राहतं. किटचे भाग ज्या सांगाड्याला लागून येतात, त्याच्या तुकड्यावर आधी करून बघा. मग झाकणाच्या डब्यात बॉडी दिवसभर बुडवून ठेवा, हातमोजे घालून जुन्या टूथब्रशनं रंग काढा आणि साबणानं धुऊन टाका. काचा आणि क्रोमचे भाग त्यात टाकायचे नाहीत. डबा नातवाच्या हाताला लागेल अशा जागी एक मिनिटसुद्धा ठेवायचा नाही.

१:२४ म्हणजे काय हे पोरानं सांगितलं असेल, तरी आपल्या जुन्या मापात सांगतो. एका फुटाला अर्धा इंच. अ‍ॅम्बॅसडर सव्वाचौदा फुटांच्या आत-बाहेर, म्हणजे मॉडेल सात इंचांहून किंचित जास्त. तिची १५ इंची रिम इथं जेमतेम १६ मिलिमीटरची होते. हे गणित रंगालाही लागू आहे आणि ते कुणी सांगत नाही. मॉडेलवर रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर झाला, तर खऱ्या गाडीवर जवळजवळ अडीच मिलिमीटर जाड रंग थापल्यासारखं दिसतं. दाराची फट खऱ्या गाडीत पाच मिलिमीटर असेल, तर इथं ती पाव मिलिमीटरही नाही. एकच जाड हात मारला की दारं बुजून गाडी साबणाच्या वडीसारखी दिसते. म्हणून पाच पातळ हात. पहिल्या हातानंतर प्लास्टिक डागाडागांनी दिसत राहतं आणि अजून थोडं मारावं असा मोह होतो. तिथं डबा खाली ठेवून उठायचं. माझ्या दृष्टीनं या छंदातलं सगळ्यात अवघड कौशल्य हे उठणं आहे.

आपल्याकडं रंगाला हंगाम असतो. मे महिन्यात परभणीच्या उन्हात स्प्रेचा तुषार बॉडीवर पोचायच्या आतच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पावसाळ्यात उलट. लॅकर जातीचा रंग दमट हवेत मारला की वर दुधाळ झाक येते. जुलैतल्या एका संध्याकाळी घाईघाईनं मी एक निळं बॉनेट रंगवलं होतं, सकाळी राख फासल्यासारखं झालेलं. परत सगळं उतरवावं लागलं. तेव्हापासून रंगकाम दिवाळी ते होळी, सकाळी ऊन चढायच्या आत. उन्हाळ्यात जोडणी आणि घासकाम, पावसाळ्यात आतल्या सीटा, डॅशबोर्ड, ब्रशनं करायची बारीक कामं. तुम्ही शेतातली माणसं, कामाला वेळ-काळ असतो हे तुम्हाला सांगायला नको. आणि उन्हात उभ्या गाडीत किंवा पत्र्याखाली मॉडेल ठेवू नका, वाकतं.

सूनबाईंचं मात्र शंभर टक्के बरोबर आहे. लेकरू घरात असताना आत स्प्रे मारायचाच नाही, खिडकी उघडी असली तरी नाही. गच्चीवर जा, वाऱ्याकडं पाठ करा. तोंडाला रुमाल किंवा कापडी मास्क चालणार नाही. थोडाफार तुषार अडेल, पण रंगातल्या सॉल्व्हंटची वाफ थेट आत जाते. रासायनिक वाफेसाठी फिल्टरचे डबे लावायचा मास्क मिळतो, तो घ्या. घरात बसून करायच्या कामाला पाण्यातले अ‍ॅक्रिलिक रंग वापरा, त्यांचा वास फार कमी असतो. पाती, सिमेंट, रंग, सगळं कुलपाच्या पेटीत. हे सूनबाईंना तुम्ही स्वतः सांगा, त्यांनी परत बोलायच्या आधी.

डोळ्यांचं बोलतो. मोतीबिंदूत बसवलेली लेन्स बहुधा लांबचं दिसण्यासाठी असते, त्यामुळं जवळच्या कामाला चष्मा लागणारच. पेपर वाचायचा चष्मा इथं पुरत नाही, कारण मॉडेल त्याहून जवळ धरतो. चष्मेवाल्याकडं एक भाग हातात घेऊन जा आणि "एवढ्या एका फुटावरचं दिसलं पाहिजे" म्हणून सांगा. सोबत डोक्याला बांधायचं भिंग आणि डाव्या बाजूनं पांढरा एलईडी दिवा. पाऊण तास झाला की उठून अंगणात चक्कर.

हात थोडा तर सगळ्यांचाच हलतो. दोन्ही कोपरं टेबलावर टेकवा. ब्रशच्या हाताची करंगळी, मॉडेल धरलेल्या हाताला टेकवा. दोन्ही हात एकमेकांना टेकले की हलले तरी बरोबरच हलतात, आणि रेघ सरळ येते. मात्र पूर्वीपेक्षा हात जास्त हलतोय, चहाचा कप धरतानाही कळतंय, असं असेल तर डॉक्टरांना दाखवून या. ते मॉडेलसाठी नाही, तुमच्यासाठी.

लहान भाग उडून जातात, त्यावर उपाय म्हणजे काठ असलेलं मोठं ताट. सगळं काम ताटात. मांडीवर पांढरं धोतर पसरून बसा आणि त्याची टोकं टेबलाच्या कडेला चिमट्यांनी लावा. पडलेला आरसा सापडतो.

मामींच्या बोलण्याला माझ्याकडं थेट उत्तर नाही, पण एक आठवण करून देतो. पोळ्याला घरोघर मातीचे बैल होतात. शिंगं लवली की परत ओल्या बोटानं सरळ करतो, वशिंड नीट बसलं का बघतो, झूल रंगवतो. सत्तरीची माणसं करतात. त्याला कुणी लेकरांची खेळणी म्हणत नाही, कारण ज्याच्या जिवावर घर चाललं त्याची ती मूर्ती आहे. तुमचं घर कशाच्या जिवावर चाललं, मामा? मामींशी वाद घालू नका. संध्याकाळी त्यांना शेजारी बसवा आणि त्या गाडीतली एखादी गोष्ट सांगा, निवडणुकीच्या ड्युटीची, नाहीतर ओढ्याला पूर आलेल्या रात्रीची. त्या रात्रींना त्या घरी वाट बघत जाग्या होत्या, त्यांचाही त्या गाडीशी संबंध आहेच. आणि कीर्तनाला जावा ना. छंद दुपारचा, कीर्तन रात्रीचं. पैशाचं मात्र त्यांच्या समोर ठरवा. चांगलं किट साधारण दोन ते चार हजारांत येतं. ते एक किट चार महिने पुरवायचं, आणि ते संपल्याशिवाय दुसरं आणायचं नाही. हवेच्या दाबानं रंग मारायचे एअरब्रश, कॉम्प्रेसर इतक्यात नको.

आता अ‍ॅम्बॅसडर. आधी हे बिघडलेलं किट पूर्ण करा, जसं होईल तसं. त्यानंतर आणखी एक, सोपं. हात बसायला दोन गाड्या लागतात. तोवर रोज रात्री एक वही भरत जा.

वहीत ८८ ची ती गाडी आठवून काढायची. चित्र वाईट आलं तरी चालेल, शेजारी शब्दांत लिहा. ती मार्क-४ या मॉडेलची असणार. १९७९ पासून मार्क-४ निघत होती, १९९० ला नोव्हा हे पुढचं मॉडेल आलं. पुढच्या जाळीत पट्ट्या किती, पार्किंग लाइट कुठं, "महाराष्ट्र शासन" ही पाटी कुठल्या उंचीवर, बंपर कुठं दबलेला, कोणत्या दाराला पॉलिश जास्त लागायचं. निरोपसमारंभाचे, दौऱ्यांचे फोटो जुन्या सहकाऱ्यांकडं मागा; माणसांच्या मागं गाडी उभी असतेच. बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत अ‍ॅम्बॅसडर होत होती, त्यामुळं कुणाच्या तरी वाड्यात एखादी अजून उभी सापडेल. मालकाला विचारून टेप लावा. मागच्या-पुढच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर सुमारे २४६ सेंटिमीटर भरेल.

हा आकडा लक्षात ठेवा. आपल्या गाड्यांची किट सहजासहजी मिळत नाहीत, पण खेळण्यांच्या दुकानात मागं ओढून सोडायची प्लास्टिकची अ‍ॅम्बॅसडर मिळते. ती घ्या आणि तिच्या चाकांमधलं अंतर मोजा. समजा सात सेंटिमीटर आलं, तर २४६ भागिले सात, म्हणजे ती साधारण १:३५ ची. या प्रमाणात बाकीचा सगळा हिशोब करायचा. मग ती खोलायची, आतली चावी काढून टाकायची, रंग उतरवायचा, जाड कडा घासून पातळ करायच्या, आणि आत तुमच्या गाडीसारख्या सीटा, डॅशबोर्ड बसवायचे. सुरुवातीपासून स्वतः बॉडी घडवायचीच असेल तर लाकडाचा साचा करून त्यावर तापवलेलं प्लास्टिक शीट ओढावं लागतं. ते तिसऱ्या-चौथ्या वर्षाचं काम, तेव्हा परत लिहा.

तुमच्या गाडीत पुढची सीट अखंड बाकासारखी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. तो गिअरचा दांडा विकत मिळणार नाही, तो ओढून करायचा. किटच्या त्याच सांगाड्याची वीतभर काडी घ्या. मेणबत्तीच्या ज्योतीच्या दोन बोटं वर धरून सारखी फिरवत राहा. मधला भाग आधी चकाकतो, मग लवतो. लवला की ज्योतीपासून बाजूला घ्या, मनात एक-दोन म्हणा आणि दोन्ही टोकं सावकाश ओढा. भराभर ओढलं तर केसासारखी तार निघते, ती एरियलला. हळू ओढलं तर सुईएवढी, ती गिअरला. पहिल्या दहा काड्या वाया जातील. काड्या फुकटच्या आहेत.

पांढरा रंग सगळ्यात कठीण, खालचं सगळं त्यातून डोकावतं. आधी प्रायमर, मग पाच-सहा पातळ हात. आणि कोरा पांढरा वापरू नका. सरकारी अ‍ॅम्बॅसडर उन्हात राहून जशी साईच्या रंगाची व्हायची, तसा होण्यासाठी पांढऱ्यात पिवळसर तपकिरीचा एखादा थेंब घाला. चाकांच्या कमानीत खरी काळी माती लावायचा मोह होईल, पण तिचा कण या प्रमाणात ढेकळाएवढा दिसतो. तपकिरी-राखी खडू वस्त्रगाळ करून कोरड्या ब्रशनं चोळा, पावसाळ्यातल्या खेड्याच्या रस्त्यावरून आल्यासारखी दिसेल. पण तुम्ही रोज सहाला धुवायचात, तेव्हा हे किती करायचं ते तुम्ही ठरवा.

टॉवेल शेवटी. टिश्यू पेपरच्या दोन पदरांतला एक पदर सोडवून घ्यायचा. सीटच्या मापाहून नखभर मोठा कापायचा. फेव्हिकॉलमध्ये तिप्पट पाणी घालून त्यात ब्रश बुडवायचा आणि सीटवर ठेवलेल्या कागदाला नुसता टेकवायचा, ओढायचा नाही, ओढला तर फाटतो. कागद पाणी पितो आणि आपोआप सीटच्या पाठीवरून खाली लवतो, चुण्या पडतात. एखादी चुणी टाचणीनं सरळ करता येते. वाळला की कडक होतो, पण दिसायला मऊच. मग सगळ्यात बारीक ब्रशनं काठाची रेघ.

तुम्ही टॉवेलचं लिहिलंत, पण काठ कोणत्या रंगाचा होता ते राहिलं. ते कळवा.